देवाचे पाय कोरडे आहेत

खाडी जिथे समुद्राला भेटते तिथे, टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक दवंडीवाला होता. त्याला आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण वापरात नसल्यामुळे ते कुणाला आठवत नसे. लहानथोर सगळे त्याला दवंडीमामा म्हणत.

ही त्या काळातली गोष्ट आहे, जेव्हा गावाला एका वेळी एकच बातमी असे आणि ती सगळ्यांना एकदमच कळे. मामाचा डफ वाजला की बायका चुलीवरचं दूध उतरवून अंगणात येत, जाळी विणणारे हात थांबत, पोरं खेळ अर्धा टाकून धावत. "ऐका हो ऐका" म्हणून मामा जे सांगे ते शेवटच्या घरापर्यंत जसंच्या तसं पोचे. वाटेत त्याला मीठमिरची लावावी, असं कुणाच्या मनातही येत नसे.

मामाच्या घराण्यात एक नेम होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डफाला हात लावायचा नाही. कुणी धापा टाकत येऊन सांगितलं की रानात वाघ आलाय, तर आधी मामा रानात जाई, पंजाचे ठसे बघे आणि मगच गावात फिरे. त्याच्या वडिलांनी एकदा दवंडी दिली होती, की खाडीत पाणी फिरतंय, आज होडी सुटणार नाही. नेमकं त्याच दिवशी गावातल्या एकाचं पलीकडच्या काठावर लग्न होतं. नवरदेव मुंडावळ्या बांधून धक्क्यावर आला होता. त्याने दवंडी ऐकली, मुंडावळ्या सोडल्या आणि घरी जाऊन पेज जेवून झोपला. लग्न पुढच्या मुहूर्तावर लागलं. नवरीकडच्यांनीही वाईट वाटून घेतलं नाही, कारण डफ त्यांच्या काठावरही ऐकू गेला होता. आता कुणाच्या शब्दावर कुणी असं परत फिरतं का, सांगा बघू.

गावाच्या खालच्या अंगाला, जिथे टेकडीची उतरण पाण्यात शिरते, तिथे काठाचा देव होता. देव म्हणजे शेंदूर फासलेला गोटा, मूल कडेवर घ्यावं एवढा. त्याला देऊळ नव्हतं की छप्पर नव्हतं. त्याच्या शेजारून मातीचा लांबलचक बांध गेला होता आणि बांधाच्या आत भाताची खाचरं होती, खालची आळी होती. मामाचं घरही त्याच आळीत. समुद्र बांधाबाहेर, माणसं बांधाआत आणि देव दोघांच्या मध्ये, असा तो पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार होता.

श्रावणी पौर्णिमेला भर दुपारी मोठी भरती येई. तेव्हा मामा एकटा काठावर जाई, पाणी देवापर्यंत पोचलं का ते बघे आणि परत येऊन दवंडी देई, "ऐका हो ऐका. देवाचे पाय कोरडे आहेत. निवांत असा." ते ऐकलं की मगच घरोघर नारळीभाताची पातेली उघडत.

आता या देवाची गंमत सांगतो. मामाच्या आजोबांच्या काळात एका वर्षी पाणी देवाच्या पायाला लागलं. तेव्हाचा गुरव भारी हळवा. आपण कोरड्यात बसून जेवायचं आणि देवाने पाण्यात उभं राहायचं, हे त्याला बघवेना. ओहोटी लागल्यावर त्याने चार माणसं बोलावली आणि देवाला टेकडीच्या बाजूला जरासं वर बसवलं. सगळ्यांना बरं वाटलं. देवालाही वाटलं असेल, कोण जाणे.

आजोबांच्या आयुष्यात देव तेवढा एकदाच सरकला. वडिलांच्या काळात अधूनमधून सरकवावा लागला. मामाच्या हाती डफ आला तोवर ती दरवर्षीची रीत झाली होती, आणि आपल्याकडे रीत झाली की तिचा सण व्हायला वेळ लागत नाही. पौर्णिमेच्या सकाळी, ओहोटी असताना, सगळं गाव काठावर जमायचं. गुरव देवाला उचलायचा, बायका ओवाळायच्या, गूळखोबरं वाटलं जायचं, मामा डफ वाजवायचा. देव वरच्या जागी बसला की मंडळी घरी जायची. मग दुपारी मामा भरती बघून सांगायचा, देवाचे पाय कोरडे आहेत.

ते खोटं नव्हतं. सकाळीच वर बसवलेल्या देवाचे पाय दुपारी भिजतील कसे? लपूनछपून तर काहीच नव्हतं, गूळखोबरं सगळ्यांनी खाल्लेलं असायचं. पण सकाळची गोष्ट दुपारच्या गोष्टीशेजारी ठेवून बघावी, हे त्या अख्ख्या गावात कुणाला सुचलं नाही. मामालाही नाही. आणि तसं ते शहाण्या माणसांचं गाव होतं.

गावाला आठवणींची मात्र फार हौस. संध्याकाळी गावदेवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर म्हातारी मंडळी बसली की गप्पा बांधाबाहेरच्या त्या जुन्या काठावर जाऊन पोचत. काठाला उंडीच्या झाडांची गर्द राई होती म्हणे. तिच्या सावलीत होड्या उपड्या घालून डागडुजी चालायची, उंडीच्या तेलाचा वास दुपारभर दरवळायचा. पलीकडे वाळूचं मोकळं पटांगण होतं, तिथे चांदण्यात पोरी फेर धरायच्या. एक सपाट काळा कातळ होता, त्यावर बसून सागरगोटे खेळताना संध्याकाळ कधी व्हायची ते कळायचं नाही. "काय दिवस होते ते," असं कुणीतरी म्हणे, दुसरा सुस्कारा टाके आणि सगळे घरी जेवायला जात. ती राई, ते पटांगण, तो कातळ गेला कुठे, हे कुणी विचारत नसे. गेलेल्या दिवसांबरोबर तेही गेलं, एवढीच त्यांची समजूत.

एका वर्षी मामाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मामाची बायको वारली होती, तेव्हा बाळंतिणीचं करायला घाटावरून मामाची बहीण आली. लग्न होऊन गेल्यापासून ती इतकी लांब पडली होती, की तिचं माहेरी येणं जवळजवळ झालंच नव्हतं. आषाढ सरता सरता लेकीला मुलगी झाली. बाळ नाजूक होतं, लेकीलाही उठून बसवत नव्हतं. दोघींची बाज मामाच्या पडवीच्या आतल्या खोलीत टाकली होती, शेजारी शेगडी होती, आणि लेकीची ही आत्या त्या खोलीतून हलत नव्हती.

श्रावणातल्या एका सकाळी, जरा उसंत मिळाल्यावर, ती काठाच्या देवाला नारळ द्यायला गेली. मामा बरोबर होता. देवापुढे हात जोडायचे सोडून ती इकडेतिकडे बघत उभी राहिली.

"दादा, हा आपला देव नव्हे."

"अगो, तोच आहे. शेंदराचे थर चढलेत म्हणून जाडा दिसतो."

"देव तोच असेल. जागा ही नव्हे. देव उंडीच्या राईपलीकडे होता. मी कातळावर बसून सागरगोटे खेळायची, तिथून तो माझ्याकडे बघायचा." ती पाण्याकडे वळली. "कातळ कुठं आहे?"

मामाने बोट केलं. लांब, पार लांब, लाटांच्या मध्ये पाण्याचा रंग जरा काळपट दिसत होता.

बहिणीने हातातला नारळ खाली ठेवला. मग म्हणाली, "आपले आजोबा मला खांद्यावर घेऊन देवापाशी यायचे. म्हणायचे, पोरी, हा देव नवसाला नाही बसवलेला. हा भिजला की आपण उठायचं, बांध चढवायचा, घरं वर न्यायची. म्हणून तर त्याला छप्पर नाही घातलं."

"मला असं कधी म्हणाले नाहीत."

"तुला डफ शिकवायचे. मला गोष्टी सांगायचे."

मामा हसला, पण तिला हसू आलं नाही. ती देवाशेजारी उभी राहून बांधापलीकडे, आळीकडे बघत होती. गेल्याच अमावास्येला भरतीचं पाणी देवाला लागलं होतं, म्हणून गुरवाने पौर्णिमेची वाट न बघता त्याला पुष्कळ वर नेलं होतं. एका वर्षात दोनदा सरकवायची ती पहिलीच वेळ. नव्या जागेवरून खालच्या आळीतली घरं खाली खोल दिसत होती, आणि मामाच्या घराच्या छपरावर वाळत टाकलेली दुपटीसुद्धा वरून दिसत होती.

"दादा, देव आपल्या आढ्याच्याही वर येऊन बसलाय," ती म्हणाली. "याचे पाय भिजतील तेव्हा तुझी लेक कुठं असेल?"

 मामाने आयुष्यात एकही खोटी दवंडी दिली नव्हती, आणि तरीही आज त्याला स्वतःच्या डफाकडे बघवेना. त्या दुपारी भरतीला तो बांधावर गेला. देवाच्या पायांकडे नाही, पाण्याकडे बघत बसला. मग आळीतल्या विहिरीचं पाणी त्याने ओंजळीत घेऊन चाखलं. ते मचूळ होतं. विहीर बिघडली म्हणून आळीने वर दुसरी खणली होती, त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. सगळं डोळ्यांसमोर होतं. बघितलं तेवढं नव्हतं.

तो पाटलांकडे गेला. पाटील वाईट माणूस नव्हता. गावात रडारड झालेली त्याला सोसत नसे, आणि सणासुदीला तर मुळीच नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला.

"मामा, तुम्ही म्हणता त्यात तथ्य असेलही. पण ऐन सणाच्या तोंडावर लोकांना घाबरवून काय मिळणार? घरं उचलून वर न्या म्हटलं तर कोण नेणार? आणि न नेता नुसती चिंता करत बसली तर ते आणखी वाईट. तुम्ही असं करा. बाळंतिणीला माझ्या पडवीत आणून ठेवा, आजच्या आज. जागा उंचावर आहे, कोरडी आहे. तुमची काळजी मिटली. दवंडी मात्र नेहमीचीच द्या."

मामा घरी आला तो हलका होऊन. खोटं कशाला बोला, त्याला खरोखरच हलकं वाटत होतं. लेक आणि नात वर जाणार होत्या. त्याने बहिणीला सांगितलं. ती बाळाला मांडीवर घेऊन शेक देत होती. तिने मान वर केली नाही.

"पलीकडच्या घरात धाकटी सून आहे, तिला नववा लागलाय," ती म्हणाली. "शेवटच्या घरातले आजोबा अंथरुणाला खिळलेत. त्यांना पाटलांची पडवी पुरेल का?"

मामा उंबऱ्यावर टेकला.

"तुला ठाऊक झालं म्हणून तुझी माणसं वर गेली. त्यांना कुणी सांगायचं? दवंडीवाला तर तूच आहेस ना रे?"

बाळ कुरकुरलं. बाजेवरून लेक हळूच म्हणाली, "बाबा, आळी जाईल तेव्हाच मीही जाईन." मामाने खुंटीवरचा डफ काढला.

"ऐका हो ऐका," तो आळीआळीतून सांगत फिरला, "समुद्र वर येतोय. आपण देव सरकवला म्हणून कळलं नाही. येत्या पौर्णिमेला बांधाचा भरवसा नाही. खालच्या आळीने वर यावं."

दवंडी संपल्यावर जे सुरू झालं ते त्या गावात कधी झालं नव्हतं. एकच बातमी असणाऱ्या गावात संध्याकाळपर्यंत घरागणिक एक बातमी तयार झाली. कुणी म्हणालं, यंदा चंद्र जवळ आलाय, पुढच्या वर्षी पाणी आपोआप उतरेल. कुणी म्हणालं, अमक्याच्या सुनेने नारळ कमी प्रतीचा वाहिला, त्याचा हा राग. एकाने तर शोध लावला की वरच्या आळीला आपली भातखाचरं हवी आहेत, मामाला त्यांनीच पढवलंय. यातलं डोळ्यांनी कुणीच काही पाहिलेलं नव्हतं, पण ऐकायला ते मामाच्या दवंडीपेक्षा पुष्कळ बरं वाटत होतं.

गुरव रागाने लाल झाला. "आम्ही देवाला जपलं, ते चुकलं म्हणता?" त्याने मामाला देवळाच्या पायऱ्यांवर गाठून विचारलं. भोवती माणसं जमली. "मला एवढंच सांगा मामा, आज भरतीला देवाचे पाय कोरडे होते की नव्हते?"

"कोरडे होते," मामा म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मग झालं तर," गुरव म्हणाला, आणि माणसांनी समाधानाने माना डोलावल्या. कुणीतरी पाटलांना सुचवलं, मामा थकलाय, डफ दुसऱ्या कुणाकडे द्यावा. पाटील बघू म्हणाला. मामा मान खाली घालून घरी गेला. आळीतलं एकही बोचकं हललं नाही, आणि पौर्णिमा तर उंबऱ्यावर आली होती.

दुसऱ्या संध्याकाळी आत्या स्वतः पायऱ्यांवर जाऊन बसली. वाद घालायला नाही. ती म्हाताऱ्या मंडळींत बसली आणि त्या काठाबद्दल बोलू लागली. उंडीची फळं ओच्यात भरून आणायची ती गोष्ट. होडीखाली लपलेल्या मैत्रिणीला सगळ्यांनी शोधलं आणि ती तिथेच झोपून गेली ती गोष्ट. मंडळींची तोंडं उजळली. खालच्या आळीतली सर्वांत म्हातारी आजी, जिला दिसायचं कमी पण आठवायचं चोख, ती तर पुढे सरकून बसली. देव कुठे होता, त्याच्या उजव्या हाताला काय होतं, डाव्या हाताला काय, सगळं तिने हात हलवून दाखवलं.  "एकदा त्या जागी डोकं टेकायला मिळालं असतं," ती म्हणाली.

"मग नेऊया की," आत्या म्हणाली. "मी माहेरी आले, देवानं का येऊ नये? एका दिवसापुरता त्याला त्याच्या जुन्या जागी नेऊ, नैवेद्य दाखवू, परत आणू."

ही कल्पना सगळ्यांना इतकी आवडली, की मामावरचा राग लोक विसरूनच गेले. गुरवही विरघळला. देवाचं माहेरपण म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पाटलालाही हायसं वाटलं, घबराट मागे पडली म्हणून. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जायचं ठरलं. गुरव म्हणाला, सकाळी निघू. पण आत्याने मान हलवली.

"माहेरी जेवायच्या वेळेला पोचायचं असतं, गुरवदादा. भर दुपारी."

त्या दुपारी पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. गुरवाने देव डोक्यावर घेतला, मामाने डफ वाजवायला घेतला आणि सगळं गाव गाणी म्हणत टेकडीच्या उतरणीवरून निघालं. म्हातारीला दोघांनी खुर्चीसारखे हात करून उचलून आणलं होतं. भरती चढत होती. उतरण संपली आणि पाणी लागलं, तेव्हा गुरव थांबला.

"आजी, इथं?"

"इथं कुठं बाबा? राई अजून लागली नाही."

गुरव घोटाभर पाण्यात शिरला, मग गुडघाभर. मामा त्याच्या शेजारी. आणखी चार माणसं आधाराला आली. पायाला काहीतरी टोचलं म्हणून मामाने खाली हात घातला, तर ते झाडाचं खोड होतं, कापलेलं नाही, कुजून मोडलेलं. त्याने ओरडून सांगितलं. काठावरच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उंडी," आजी म्हणाली. "राईच्या पलीकडे जा. अजून पुढं."

पाणी कमरेला आलं. मामाने डफ डोक्यावर धरला, पण एक लाट आली आणि डफ भिजलाच. त्याचा आवाज बसला. काठावर आता कुणी गाणं म्हणत नव्हतं. पाणी छातीला लागलं. गुरवाचे डोळे काठाकडे लागले होते.

"आजी, अजून किती?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"कातळाच्या अलीकडे होता रे," आजी म्हणाली. ती आता हलक्या आवाजात बोलत होती, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. "अजून पुढं जायला हवं. आणि ती तर माझ्या लहानपणची जागा. माझी आजी म्हणायची, मूळचा देव त्याहूनही खाली होता."

गुरव पुढे गेला नाही. जाणं शक्यच नव्हतं. तो सावकाश मागे वळला, आणि त्याने तिथून गाव पाहिलं. गाव त्याने जन्मभर पाहिलं होतं, पण समुद्रात उभं राहून भरतीला कधी पाहिलं नव्हतं. बांध पाण्याच्या वर जेमतेम वीतभर दिसत होता. त्याच्यामागे आळीतली घरं दिसतच नव्हती. नुसती छपरं दिसत होती, आणि मामाच्या छपरावर बाळाची दुपटी.

गुरवाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आम्ही देवाला नाही जपलं," तो मामाला म्हणाला. "आम्ही त्याचं तोंड दाबलं." मग त्याने काठाकडे हाक मारली, "पाटील, इथं येऊन बघा. तिथून नाही दिसायचं."

पाटील सणाचं नवं धोतर नेसला होता. त्याने एकदा धोतराकडे बघितलं, एकदा गुरवाकडे, आणि तो तसाच पाण्यात शिरला. छातीभर पाण्यात गुरवाशेजारी उभा राहून त्याने गाव पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एकामागून एक माणसं पाण्यात उतरू लागली, बायकासुद्धा, आणि वळून आपापलं घर शोधू लागली.

"मामा," पाटील म्हणाला, "दवंडी द्या."

"काय सांगू?"

"जे दिसतंय ते."

पण डफ भिजून चिंब झाला होता. त्यातून आवाजच निघेना. तेव्हा मामा ओल्या कपड्यांनी दारोदार गेला, आणि प्रत्येक उंबऱ्यावर उभं राहून त्याने तोंडाने सांगितलं. आता कुणी चंद्राचं नाव काढलं नाही. संध्याकाळच्या आत आळी रिकामी होऊ लागली. बियाण्याचं भात वर गेलं, गुरं वर गेली, जाळी गेली. अंथरुणाला खिळलेले आजोबा गेले, नववा लागलेली सून गेली. बाळंतिणीची बाज गुरव आणि तिघे जण खांद्यावर घेऊन टेकडी चढले. आत्या बाळाला पदराखाली घेऊन मागे चालली होती. मामा सगळ्यांत शेवटी आळीतून निघाला, कुणी राहिलं तर नाही ना ते बघून.

दुसऱ्या दुपारी, पौर्णिमेच्या भरतीला वारा उलटा फिरला आणि पाणी बांधावरून आत आलं. आधी ओढ्यासारखं आलं, मग बांधच फुटला. सगळं गाव टेकडीवर उभं राहून बघत होतं. खाचरं गेली. विहीर गेली. ओटे गेले, भिंती बसल्या. मामाच्या घराचं छप्पर तरंगत तरंगत निघालं आणि वळणावर दिसेनासं झालं. लग्नाच्या मांडवाच्या खुणा असलेली अंगणं होती त्या आळीत, सुकटीचा वास होता, सांजवेळी दाराशी लागणारे दिवे होते. माणसं रडली, आणि रडू नका असं कुणी कुणाला म्हटलं नाही. पण माणसं मोजायची वेळ कुणावर आली नाही. सगळी तिथेच होती, टेकडीवर.

आळी पुन्हा वसली ती उंचावर. पाटलाने स्वतःची जागा त्यासाठी सोडली. नवा बांध मागे घेऊन घातला आणि त्याच्यापुढे चिखलात लाटा अडवणारी कांदळाची रोपं लावली. देव कुठे बसवायचा, यावर मात्र बराच खल झाला. शेवटी गुरवानेच सांगितलं, घरांच्या पुष्कळ खाली बसवा, म्हणजे आपल्याआधी त्याला कळेल. पौर्णिमेला भरती बघायला मामाने एकट्याने जायचं नाही, असंही ठरलं. प्रत्येक घरातलं कुणीतरी बरोबर जाऊ लागलं, आणि जुन्या माणसांनी पूर्वी पाणी कुठवर होतं ते तिथे उभं राहून सांगायचं, अशी नवी रीत पडली. पायऱ्यांवरच्या गप्पा आता काठावर होऊ लागल्या. 

वर्षं गेली. समुद्र काही थांबला नव्हता. मामाची नात सागरगोटे खेळू लागली तेव्हाची गोष्ट. श्रावणी पौर्णिमेच्या दुपारी एक लाट आली आणि देवाच्या पायांवरून गेली. गावातली माणसं बघत उभी होती. एका नव्या सुनेला ते सोसवलं नाही. ती गुरवाला म्हणाली, "काका, देव भिजतोय. जरासा वर घेऊया ना."

गुरव आता म्हातारा झाला होता. त्याचे हात आपोआप पुढे झाले होते. त्याने ते मागे घेतले आणि जोडले.

"भिजू दे गो," तो म्हणाला. "तो आपल्यासाठी भिजतोय."

मग मामाने डफ वाजवला आणि सांगितलं, देवाचे पाय भिजले. कुणी घाबरून पळालं नाही, कुणी कानावर हात ठेवले नाहीत. माणसं घरी गेली, त्यांनी कुदळ-फावडी घेतली आणि ती बांधाकडे निघाली.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: खूण सरकवली म्हणून पाणी मागे जात नाही, आणि खरी बातमी हवी असेल तर सांगणाऱ्याला एकटं काठावर पाठवू नये, आपणही त्याच्याबरोबर जाऊन बघावं.